निलंग्याची हरवलेली काच

माझ्या एका संशयाची किंमत आधी लिहितो: आमच्या तंबूतल्या गुरुलिंगचे ठाण्यातले अकरा दिवस, त्याच्या लेकीची मोडलेली सोयरीक, आणि माझी पत्नी चंद्रप्रभा हिच्याशी सहा वर्षे कामापुरतेच बोलणे. यातले काहीच कागदाने परत होत नाही. तरीही मी, देविदास मार्तंड मुखेडकर, वय एकसष्ट, राहणार लातूर, धंदा फिरता सिनेमा, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्या दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करतो. हकीमसाहेब छातीबद्दल काहीही म्हणोत, कान शाबूत आहेत. पडद्याआडून नुसत्या आवाजावरून मी माणूस ओळखतो. आजवर चुकलो नाही.

एक. लातूरचे घर, भांडीकुंडी आणि शिल्लक चंद्रप्रभेची. पुतण्या वसंतरावाने तिला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. मी गावोगाव जाहिराती चिकटवत फिरलो तेव्हा त्याचा बाप मला ओळख देत नव्हता.

दोन. मशीन, तंबू आणि दोन्ही पडदे गुरुलिंगचे. कारण लिहिणे भाग आहे.

आमचे मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलेपर्यंत अंधार. तेवढ्यात गुरुलिंग कंदील घेऊन पडद्यापुढे उभा राही. खुनाचा सिनेमा असला की एकेका संशयिताची नक्कल करी, दिवाणजीची, नोकराची, नायिकेचीसुद्धा, आणि विचारी, "बोला मंडळी, खुनी कोण?" लोक ओरडून नावे घेत. मशीन मी आणले, मी चालवले, आणि गाव म्हणे, गुरुलिंगचा सिनेमा आला. बायकांच्या कनातीतून चंद्रप्रभेचे हसणे मला वेगळे ऐकू येई. माझ्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नाही.

निलंग्याच्या मुक्कामात एका दुपारी बंद तंबूतून गुरुलिंगचा आवाज आला, पाठोपाठ बाईचे हसू. मी आत गेलो नाही. हसू तिचेच, असे कानांनी सांगितले. त्याच संध्याकाळी मशीनची काच सापडेना, जिच्याशिवाय पडद्यावर चित्र उमटत नाही. ठाण्याच्या अमीनसाहेबांनी विचारले, संशय कुणावर? सांगायला मला श्वास घेण्याइतका वेळ लागला नाही. शिपायाबरोबर जाताना गुरुलिंग एवढेच म्हणाला, "अण्णा, काच काच करून राहिले तुम्ही, पर तुमचं दुखणं काचेचं न्हाई."

सुटल्यावर तो किनवटला लाकडाच्या वखारीत लागला. तिथेही लोक त्याला काचवाला म्हणतात.

खेळ संपला की काच पडद्याच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवायची, ही माझीच रीत. निलंग्यातही आदल्या रात्रीच्या खेळानंतर मी तशी गाठ मारली, आणि सकाळी ते विसरून तो पडदा गुंडाळला नि नवा टांगला. गेल्या पोळ्याला चंद्रप्रभेने जुना पडदा गोधडीसाठी उलगडला तेव्हा काच निघाली. तिने ती काच माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि भाकरी वाढली.

तीन. गुरुलिंग चोर नाही. हे निलंग्यात, भरल्या तंबूत, रीळ बदलताना मोठ्याने वाचावे. वाचणारा तो स्वतः नको. तो वाचील तर लोक माझ्या मरणावरही त्यालाच टाळ्या देतील, आणि हे मला आजही सोसत नाही.

लातूर, ता. १२ बहमन १३५५ फसली.

सही: देविदास मार्तंड मुखेडकर

साक्षीदार:
१. रेणुकादास, शाळामास्तर, लातूर. सही.
२. पंचफुलाबाई, निलंग्यात ज्यांच्या घरासमोर आमचा तंबू असे. अंगठा.

अंगठा देण्याआधी पंचफुलाबाईंनी रेणुकादासांकडून सर्व वाचून घेतले. त्यांच्या सांगण्यावरून जोडतो: त्या दिवशी चंद्रप्रभा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्या अंगणात शेवया वळत होती. तंबूत गुरुलिंग एकटाच होता, रात्रीच्या खेळासाठी नायिकेचे हसणे घोकत.