तात्यांचं स्वतःचं मत

आल्मेरे, नेदरलँड्स, ११ एप्रिल २०२१
बाबांचा पुण्याहून फोन. "माझ्या वाढदिवसाला व्हिडिओवर वीणा दिसली, तर मी फोन ठेवीन." माझी सख्खी बहीण! फेब्रुवारी नव्याण्णवमध्ये तिने रवींद्रशी लग्न केलं, तेव्हापासून हेच. गुन्हा काय, तर १८८८च्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीत रवींद्रचे खापरपणजोबा, बापू, यांनी म्हणे ऐनवेळी मत फिरवलं. आमचे खापरपणजोबा, तात्या, इंग्रज कलेक्टराविरुद्ध एका मताने पडले. आमच्या घरात पोरांना पाढ्यांआधी हे शिकवतात.

१८ एप्रिल
कर्फ्यू, पाऊस, घरकोंडी. एका लायब्ररीने १८८८च्या काळातली वर्तमानपत्रं ऑनलाइन टाकलीयत. आज सापडलं! पंधरा सभासद, कोणाचं मत कोणाला ते नावानिशी. तात्यांना सात – पहिलं नाव बापूंचं. समोरच्याला आठ – आठवं नाव खुद्द तात्यांचं. "आपलेंच नांव आपण उचलून धरणें सभ्यपणाचें नव्हे," असं म्हणून त्यांनी समोरच्यासाठी हात वर केला.

लेकीला, ईशानीला दाखवलं. "बट बाबा, व्हाय डिडन्ट ही जस्ट व्होट फॉर हिमसेल्फ?" काय सांगू तिला? आम्ही अजून ताटलीतला शेवटचा लाडू सोडून उठतो. आणि दुसऱ्याने खाल्ला की जन्मभर धरून ठेवतो. चीड आली. तात्यांची, बाबांची, माझीही – बावीस वर्षं मी तरी कुठे तोंड उघडलं?

२० एप्रिल
बाबांना स्कॅन पाठवला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२५ एप्रिल
बाबांना कोविड. ऑक्सिजन लावलाय. भारतातून इकडे येणारी विमानं उद्यापासून बंद, गेलो तर तिकडेच अडकेन. बेड कोणी मिळवला? रवींद्रने. दहा हॉस्पिटलं पालथी घालून. मी इथे सुपरमार्केटच्या रांगेत, ट्रॉली पुसत.

२९ एप्रिल
बाबा गेले. हॉस्पिटलने वीणाला शेवटपर्यंत आत सोडलं नाही. फोनवर तिने एवढंच विचारलं, "तू पाठवलेलं वाचलं होतं का रे त्यांनी?" हो म्हटलं. "मग बोलले असते माझ्याशी. वेळच मिळाला नाही त्यांना." मीही तेच धरून बसलोय.

९ मे
वीणाने बाबांचं कपाट आवरलं. एक फोटो पाठवलाय. वर्तमानपत्राच्या त्याच पानाची पिवळी पडलेली झेरॉक्स. तात्यांच्या नावाखाली लाल रेघ. कोपऱ्यात बाबांच्या अक्षरात तारीख – ३ नोव्हेंबर १९९८, वीणाच्या लग्नाच्या तीन महिने आधीची.