लूम बंद असताना

गुड फ्रायडे, संध्याकाळ

मी मराठीत आणलेलं क्रुसाचं गीत आज चर्चमध्ये पहिल्यांदाच गायलं आणि दुसऱ्याच ओळीला आम्ही सगळे विस्कटलो. आज पेटी वाजवत नाहीत, हे ठाऊकच होतं. मग झालं काय?

"आज शुक्रवार, सुट्टीचा वार ना, लूम बंद हाय," शेजारी उभ्या फिलोमिनाबाई कुजबुजल्या.

खरंच. उपवासकाळभर दर रविवारी सराव केला तो शेजारच्या यंत्रमाग कारखान्याच्या खटखटीत. शब्दही मी त्याच ठेक्यावर बसवले की काय?

मग बाईंनी एकट्यांनीच ओळ उचलली, अगदी सावकाश: "तुला एकटं टाकून आम्ही झोपलो."

येशूच्या शिष्यांच्या तोंडची ही ओळ लिहिताना मी नुसत्या मात्रा मोजल्या होत्या. आज तिथे माझा आवाजच फुटेना. खटखट चालू असती, तर कुणाला कळलंही नसतं. मलासुद्धा.