गरम पाणी उजवीकडे

दि. ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या लेकीचे पुढचे दोन्ही दात पडले हे वाचून आई हसली. हल्ली तिला हसवणं सोपं राहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

नळ बिघडल्याशिवाय ताईला भावाची आठवण येत नाही असं तू म्हणणारच. म्हण बापडा. बाबा गेल्यावर आपलं घर विकून आईला इकडे आणलं, मागची खोली दिली, ते तुला माहीत आहेच. पण तिथल्या न्हाणीघरात गरम पाणी यायला युग लागतं. गिझर पार पुढच्या बाजूला, आणि नळी सगळ्या घराला वळसा घालून येते. आई कुडकुडत उभी राहते, कंटाळून दुसराही नळ सोडते आणि मग एकदम कढत पाणी येतं. परवा पाय भाजून घेतला.

खरी काळजी मात्र निराळी आहे. भाजल्यावर तिनं थंड म्हणून आणखी गरमच सोडलं. हे पहिल्यांदा नाही. नळ ओळखायला ती सारखी चुकते. तुझे भाऊजी म्हणतात, वय झालं, होणारच. मलाही वाटायला लागलंय की तिला आता कळेनासं झालंय. दाराची आतली कडी काढून टाकायची आणि आंघोळ घालायला बाई ठेवायची असं ठरवलंय. आईला सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कधी कुणाकडून साधी वेणीसुद्धा घालून न घेतलेली ती. मलाच रडू आलं.

घराचा नकाशा सोबत आहे. इमारतींच्या नळकामात तुझे केस पिकले, तेव्हा गरम पाणी तिच्यापर्यंत लवकर कसं पोचेल तेवढं आखून दे.

सगळ्यांना जवळ घेतलं म्हणून सांग.

तुझी,
ताई

दि. १५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नकाशा पोचला. त्यात तू काढलेला जिना थेट शेजाऱ्यांच्या घरात उतरतो, पण बाकीचं समजलं.

आईचं न्हाणीघर आणि तुझं स्वयंपाकघर यांची मधली भिंत एकच आहे. त्या भिंतीवर छोटा गिझर बसव, दोन्हीकडे पाणी तिथूनच घे. नळी हातभरच राहिली की तिच्यात गार पाणी साठून राहायला जागा उरत नाही. पुढचा गिझर पुढच्या न्हाणीघरापुरता राहू दे. गरमाची नळी बारीक घे आणि तिला ऊब टिकवणारी गुंडाळी नीट घालून घे. गरम नळाच्या आधी गरमात गार मिसळणारी चावी लाव, म्हणजे चुकून पुरता सोडला तरी कढत पाणी येणार नाही.

एवढं लिहून पाकीट चिकटवायला घेतलं, पण आई नळ चुकते हे काही डोक्यातून जाईना. ताई, आपल्या घरी गरम कुठल्या नळाला यायचं? उजव्या. बाकी जिथे म्हणून मी काम केलं तिथे डावीकडे. बाबांनी हौसेनं स्वतः जोडलं, उलटं जोडलं, आणि कुणी दाखवून दिलं तेव्हा म्हणाले की उजवा हात आधी पुढे येतो, तिथे गरमच हवं. आई त्या नळांवर म्हातारी झाली. सासरी गेल्या गेल्या तूही हात पोळून घेतला होतास आणि सगळ्यांनी तुला वेंधळी ठरवलं होतं. तू तरुण होतीस, शिकलीस. आई तर चष्मा काढून आंघोळीला जाते, नळावरचा लाल-निळा ठिपका तिला दिसतही नसेल.

विसरणारं माणूस कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. आई दर वेळी एकाच बाजूनं चुकते का, तेवढं बघ. तसं असेल तर तिच्या न्हाणीघरात गरम उजवीकडे जोडून घे. या धंद्यात राहून असं लिहिताना हात आखडतोय, तरी लिहितोय. तोवर कडी काढू नकोस.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

दि. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि मी आईला काही न सांगता तिच्यावर नजर ठेवली. बेसिनपाशी गरमासाठी हात गेला तो उजवीकडेच. रोज, न चुकता. आणि अशा बाईला मी कामातून गेलेली समजत होते. मला फार वाईट वाटलं.

इथला प्लंबर मात्र ऐकेना. म्हणाला, असं जोडलं तर लोक मला नवशिका म्हणतील. मी सांगितलं, कुणी विचारलं तर खुशाल माझं नाव घे, मला वेंधळी म्हणून घ्यायची सवय आहे. शेवटी तोंड वाकडं करत त्यानं जोडलं, पण स्वतःच्या समाधानासाठी नळांवर बशीएवढे लाल-निळे ठिपके रंगवून गेला.

काल तुझे भाऊजी घाईत त्या न्हाणीघरात शिरले आणि गारठून बाहेर आले. आई म्हणाली, जावईबापूंचं वय झालं, होणारच. किती दिवसांनी तिच्या तोंडून असं काही ऐकलं. कडी जागेवर आहे आणि बाईला नको म्हणून कळवलंय.

आई तुला स्वतः लिहिणार आहे. मला वाचू देत नाही.

तुझी,
ताई

दि. ३ फेब्रुवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ताईनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. वाचता वाचता तीच रडली, मग मी तिची समजूत घातली.

पाय भाजला त्याचं मला काही वाटलं नव्हतं रे. माझं डोकं चालेनासं झालंय, हे मलाच खरं वाटायला लागलं होतं. म्हणून बोलणंच कमी केलं. एखादा शब्द चुकला तर या दोघांना कळेल, आणि मग कडीबरोबर आणखी काय काय काढून घेतील कोण जाणे. सकाळी डोळे उघडले की पांघरुणातच स्वतःची परीक्षा घ्यायची. तुमचे वाढदिवस, जुन्या शेजारणींची नावं, तुझी शाळेतली पहिली कविता, सगळं मनात म्हणून बघायची. सगळं बरोबर यायचं आणि न्हाणीघरात गेलं की नळ चुकायचाच. ते कुणाला सांगू?

आता पाणी झटकन येतं, हवं तेवढंच गरम येतं. काल सकाळी परीक्षा घ्यायची विसरूनच गेले. दुपारी आठवलं आणि एकटीच हसत बसले.

नातीला पापा. सवडीनं लिही, पण लिही.

तुझी,
आई