टेबलावरची कंपासपेटी

राजूर, ७ जानेवारी २०२५

प्रिय दानीएलदादास,
धाकट्या बहिणीचा सप्रेम सलाम. वि. वि.

परवा फोनवर तू खोदून खोदून विचारलंस, की अशी गप्प का? सांगायला तोंड नव्हतं, म्हणून लिहिते.

शाळेच्या कॉम्प्युटरवर मुलांसाठी कोड्यांचे खेळ आलेत ना, त्यात एक गाड्यांचा आहे. गच्च भरलेल्या आवारातून बाकीच्या गाड्या मागंपुढं सरकवत लाल टेम्पो बाहेर काढायचा. माझ्या चौथीतली ज्ञानेश्वरी चौदाव्या कोड्यावर आठवडाभर अडली होती. पोरगी जेवायच्या सुट्टीतसुद्धा ओट्यावर काडेपेट्या मांडून डोकं लढवायची. तेवढ्यात साहेब तपासणीला येणार असं कळलं. कुणाची किती कोडी सुटली ते पडद्यावर नावानिशी दिसतं. आमची शाळा मागं पडलेली दिसेल या धास्तीनं मी मुलांच्या नावावर स्वतःच कोडी सोडवून टाकली. सोडवली कसली, डोंबल! चौदावं मलाही येईना. मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि बघून बघून गाड्या सरकवल्या.

साहेबांनी ज्ञानेश्वरीला पुढं बोलावून कंपासपेटी दिली, टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी पेटी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, की बाई, ही माझी न्हाई. तेव्हापासून कॉम्प्युटरकडे फिरकत नाही. बावीस वर्षं शिकवतेय दादा, इतकी लाज कधी वाटली नव्हती. काय करू?

वहिनीला सलाम, नातीला पापा.
तुझी,
फिलोमिना


श्रीरामपूर, १२ जानेवारी

प्रिय फिलोस,
दादाचा आशीर्वाद.

साहेबांना घाबरायची तुझी खोड जुनीच. लहानपणी पोस्टमन आला तरी पलंगाखाली शिरायचीस! पण बयो, साहेब गेले निघून, पोरीचं काय? आठवडाभर तिनं जे डोक्यात धरून ठेवलं होतं ते तू हिसकावलंस, आणि वर खोट्या टाळ्या तिच्या माथी मारल्यास. वाचून फार राग आला मला.

आता गोळ्या-बिस्किटं देऊन गोडीगुलाबी करू नकोस. वर्गासमोर उभी राहा आणि मला लिहिलंस ते सगळं मुलांना सांग, व्हिडिओसकट. तू सोडवलेली कोडी पुसून टाक. साहेबांनाही कळव. गुडघे धड असते तर पहिल्या एसटीनं आलो असतो.

नात एंजल विचारत होती, की आत्याआजीला शाळेत कोण रागावलं? म्हटलं, कुणीच नाही, तेच वाईट झालं.

माया आहेच, म्हणून इतकं बोललो.
तुझा,
दादा


राजूर, २५ जानेवारी

प्रिय दादास,
सप्रेम सलाम.

सांगितलं. साहेबांनाही लिहून दिलंय, ते जे बोलतील ते ऐकून घेईन.

मग ज्ञानेश्वरीनंच विचारलं, की मंग बाई, तुमाला बी न्हाई सुटलं व्हय? नाही सुटलं, म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली. ती तेवढी गंभीर.

कोडी पुसली, तशी ती काडेपेट्या घेऊन कॉम्प्युटरपाशी बसली. मी मायेनं शेजारी खुर्ची ओढली, तर म्हणाली, की बाई, तुमी लांब बसा. काळजात चर्र झालं रे. गेले मागच्या बाकावर. पाच दिवस तिथंच बसत होते.

काल लाल टेम्पो बाहेर पडला. व्हिडिओतल्यापेक्षा तीन चाली जास्त लागल्या तिला. मला वाटलं, धावत येऊन सांगेल. ती उठून टेबलाशी गेली, कंपासपेटी उचलली आणि मला न विचारता दप्तरात टाकली.

माया असू दे, आणि रागवायचं सोडू नकोस.
तुझी,
फिलोमिना