सत्तावीस नंबरचा कॅमेरा

सोमवार, ४

वहीबाई, आजपासून मी नोकरीवाली. हसायचं नाही. दहावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या मुलीला कुणी नोकरी देईल असं खुद्द आईलाही वाटत नव्हतं. पण ताईनं तिच्या ऑफिसातल्या साहेबांच्या इतक्या मिनतवाऱ्या केल्या की त्यांनी कंटाळून हो म्हटलं. काम सोपं आहे. दारोदार जायचं, पाण्याच्या मीटरवरचा आकडा वाचायचा आणि लिहायचा. आकडे येतात मला, तेवढी काही मी ढ नाही.

निळा शर्ट मिळाला, दोन मापं मोठा. ताई म्हणाली, वाढशील. म्हटलं, एकवीस वर्षांची घोडी आता कुठे वाढणार? तर म्हणे अक्कल वाढेल, तिला जागा लागेल. आई शिलाई मशीनवर बसल्याबसल्या खिदळली. नेहमी दोघी एका बाजूला.

खरी मजा म्हणजे कॅमेरा! साबणाच्या वडीएवढा, छातीवर चिमट्यानं लावायचा. कुणी अंगावर आलं, कुत्रं सोडलं, खोटी तक्रार केली, तर पुरावा. बाजूला लाल बटण. संकटात ते दाबायचं. मग कॅमेऱ्यातली बाई गोड आवाजात सांगते की अमुक नंबर, तुमचा निरोप पोचला. ऑफिसात त्या नंबरचं नाव बघतात आणि त्या माणसाला फोन करतात. तो म्हणाला चुकून दाबलं, की प्रकरण मिटलं. त्यानं फोन उचलला नाही तर मदतीची गाडी निघते. बटण चुकून फार दाबलं जातं म्हणून ही पद्धत. आमच्यातले एक जाडे भाऊ नुसते वाकले तरी पोटानं दाबतात.

ताई बारा नंबर, मी सत्तावीस. कॅमेरे सगळे दिसायला जुळे भाऊ, नंबर मागे मुंगीच्या अक्षरात. भिंतीवरच्या खणांवर मात्र मोठे आकडे. सकाळी आपापल्या खणातून उचलायचा, संध्याकाळी परत ठेवायचा.

ही वही ताईनंच दिली. बडबड हिच्याजवळ कर म्हणाली, माझे कान सोड.

बुधवार, ६

काल कॅमेऱ्यासमोर एका मांजराची मुलाखत घेतली. पाण्याच्या टंचाईबद्दल त्याचं मत काय वगैरे. रेकॉर्डिंग सांभाळणारे गृहस्थ आहेत, त्यांना सगळे चष्मा म्हणतात. ते आज म्हणाले, साहेबांनी बघितलं तर तुझी नोकरी मांजराला देतील. पण स्वतः तीनदा बघितलं म्हणे.

आज ताईबरोबर होते. मोठ्या इमारतींचे मीटर जमिनीखाली चेंबरमध्ये असतात. लोखंडी झाकण सरकवायचं आणि शिडीनं खाली उतरायचं. मोबाईल पाण्यात पडू नये म्हणून ताई तो पिशवीत टाकते आणि पिशवी वरच ठेवते. पूर्वी अशा ठिकाणी दोघं जायचे, एक खाली, एक वर. कॅमेरे आल्यावर वरचा माणूस कमी केला. साहेब म्हणतात, कॅमेरा हाच वरचा माणूस. ताई म्हणते, कॅमेऱ्याला झाकण उचलता येत नाही. साहेबांसमोर नाही म्हणत, मला म्हणते.

गुरुवार, ७

शनिवारी साहेब सगळ्यांना बसवून कुणातरी एकाचं आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग पडद्यावर दाखवतात. काम कसं करावं, कसं करू नये, काय समजलात. हे काय समजलात त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असतं. या शनिवारी बारा नंबरची पाळी आहे. म्हणजे ताईची!

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागलाय. उद्या सकाळी बारा आणि सत्तावीस यांचे खण बदलायचे. ताई घाईत असते, कॅमेऱ्याची पाठ बघत नाही. म्हणजे बारा नंबर दिवसभर माझ्या छातीवर. त्यात मी साहेबांची नक्कल करणार, चालण्यासकट. शनिवारी पडद्यावर ताईच्या नावानं साहेबच साहेबांना झापणार!

ताई मला ठार मारेल. चालेल.

शुक्रवार, ८, दुपार

जमलं! ताईनं बघितलंही नाही. मी सकाळपासून अकरा घरांत नक्कल केली. एका आजोबांना इतकी आवडली की त्यांनी सरबत दिलं.

आत्ता बागेतल्या बाकावर डबा खातेय. मघाशी अकरा चाळीसला ऑफिसातल्या बाईंचा फोन. सत्तावीस नंबर, बटण दाबलंस का? मी छातीकडे बघितलं. मी कुठे दाबलं? मग ट्यूब पेटली. सत्तावीस ताईकडे! वाकली असेल, दाबलं गेलं असेल. खरं सांगितलं असतं तर सगळ्या गमतीवर पाणी. मी म्हटलं, चुकून दाबलं, सॉरी बाई, मी मजेत आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही नवी पोरं म्हणजे. आणि ठेवला.

ताईला फोन लावला, उचलला नाही. चेंबरमध्ये असेल, पिशवी वर असेल.

हसू आवरत नाहीये. उद्या कधी होतंय असं झालंय.

गुरुवार, १४

लिहिता येत नाही.

बंद गोदामामागचं चेंबर. ताई खाली होती. एक ट्रक मागे आला, त्याच्या चाकानं झाकण सरकलं, बसलं, आणि ट्रक त्यावरच उभा राहिला. ड्रायव्हर जेवायला गेला. त्याला काहीच माहीत नव्हतं. आतली हवा वाईट. तीन वाजता वॉचमनला भिंतीशी पिशवी दिसली, आत फोन वाजत होता.

तो फोन मीच करत होते. तोवर मलाही कसंतरी व्हायला लागलं होतं.

आम्ही तिला डोळ्यांनी बघितलं, आईनं आणि मी. हातांनी निरोप दिला. हे लिहून ठेवतेय.

शनिवार, १६

ऑफिसात सभा झाली. साहेबांचा आवाज बसला होता. म्हणाले, आपली बारा नंबर गुणी मुलगी, पण घाईत दुसऱ्याचा कॅमेरा उचलला. तिनं मदत मागितली आणि ती हाक दुसऱ्याच्या नावावर गेली. सगळ्यांनी रोज नंबर तपासा. या वेळी काय समजलात म्हणाले नाहीत. मी नुसती जमिनीकडे बघत होते. सगळ्यांना वाटलं, रडतेय.

बारा नंबरचं रेकॉर्डिंग कुणी उघडलंच नाही. बाईंनीही मला काही विचारलं नाही. त्यांना वाटतं, मी फोनवर गोंधळले. माझा हात धरून त्याच रडल्या.

आईला साहेबांचं बोलणं पटलेलं नाही. म्हणते, घराचं कुलूप दोनदा ओढून बघायची ती, दुसऱ्याचं कसं उचलेल? दिवसभर हेच. शेवटी म्हणाली, असेल बाई, चुकली असेल, थकत होती ना. आणि ताईचा निळा शर्ट इस्त्री करायला घेतला.

सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. जांभई दिली.

सोमवार, १८

चष्मा म्हणाले, शेवटचं रेकॉर्डिंग घरच्यांना एकदा बघता येतं, आईला झेपणार नाही, तू बघ. सहा मिनिटं दहा सेकंद. शिडी, मीटर, ताईचा हात. ती आकडा मोठ्यानं वाचते. मग धडाम आणि अंधार. तिचा श्वास. हाका. बटण. आतली बाई म्हणते, सत्तावीस नंबर, तुमचा निरोप पोचला. ताई म्हणते, सत्तावीस? आणि संपतं. कॅमेरा तिथेच बंद पडला. तो आता पाकिटात, साहेबांच्या कपाटात, कुलपाखाली आहे.

सगळ्यांना वाटतं, त्या सत्तावीसमध्ये तिला आपली चूक कळली.

मंगळवार, १९

चष्म्यांनी बोलावलं. चेहरा पांढरा. फाईल नऊ मिनिटांची झालीय. कॉम्प्युटरचा घोटाळा असेल म्हणाले, पण स्वतः पडद्याकडे बघेनात. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

सत्तावीस? मग ताई हसते. अंधारात. ती तिची खरी हसण्याची पद्धत, नाकातून. म्हणते, कार्टे, माझा कॅमेरा पळवलास होय? मग म्हणते, बरंच झालं की. फोन तिलाच जाईल. ती दोन मिनिटांत ओळखेल. शाळेत नापास झाली तरी डोकं विजेसारखं आहे तिचं.

मग गप्प बसते. ट्रकखाली, अंधारात, शांत. वाट बघत.

बुधवार, २०

चौदा मिनिटं. मी जेवढं ऐकते त्याच्यापुढे फाईल वाढते. ताई काही बोलत नाही फार. श्वास जड. एकदा म्हणाली, रस्त्यात असेल. एकदा म्हणाली, तिच्या सायकलची हवा गेली असेल.

वहीबाई, ती अजून मेलेली नाहीये. त्या फाईलीत. मी ऐकलं नाही तर ती तिथेच थांबेल का? की एकटीच—

काम सोडून गोदामामागे गेले. झाकणावर आता पत्रा आणि दगड आहेत. भर दुपार, माणसं येत-जात होती. मी गुडघे टेकले आणि तीनदा ठोकलं. ताई म्हटलं. काहीच नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. भीतीही वाटली. उठले आणि पळाले.

गुरुवार, २१

सतरा मिनिटं.

तीन ठोके ऐकू येतात. वरून. मग माझा आवाज, ताई.

ती ओरडते. आनंदानं. आली! म्हटलं नव्हतं? छोटे, इथे, खालीच आहे मी— शिडीवर हात आपटते. मग माझी पावलं. दूर जाणारी. मीच पळतेय ते.

ती म्हणते, अगं जाऊ नकोस. मग हळू म्हणते, माणसं आणायला गेली असेल.

मी आईबरोबर तिला निरोप दिला. या हातांनी. मग खाली कोण आहे?

तिचा आवाज थोडा बदललाय. ओला. शब्द तिचेच आहेत, पण मध्ये मध्ये— जणू कुणीतरी तिचे शब्द पाठ करतंय—

चष्मा आज आलेच नाहीत.

शुक्रवार, २२

आईला सांगितलं. सगळं. खण, नक्कल, फोन, मी मजेत आहे. फाईलसुद्धा.

मशीन थांबलं. वाटलं, मारेल. मारायला हवं होतं तिनं. ती सुईतला दोरा काढत राहिली, घालत राहिली. शेवटी एवढंच विचारलं, किती वेळ वाट बघत होती ती?

मी म्हटलं, अजून बघतेय.

आई माझ्याकडे बघत राहिली. माझ्या चेष्टा तिला ओळखता येतात. ही चेष्टा नाही हे तिला कळलं.

शनिवार, २३, सकाळ

अकरा चाळीस. ऑफिसातल्या बाईंचा फोन. घाबरलेल्या. सत्तावीस नंबरचा अलार्म आलाय म्हणतात. कपाटाला कुलूप आहे, किल्ली साहेबांकडे, तरी आलाय. कॉम्प्युटर बिघडलाय ना गं? चुकून ना?

मी म्हटलं, नाही बाई. चुकून नाही. खरंय. गाडी पाठवा.

आईनं मला काही बोलू दिलं नाही. चपला घातल्या. शेजारून पहार आणली.

बारा वाजून गेले

गोदामामागे. मीटरच्या कागदाच्या पाठीवर लिहितेय. गाडी अजून नाही. दगड काढले, पत्रा काढला. पहारीनं झाकण अर्धं सरकलं. आईत एवढी ताकद कुठून—

खालून आवाज आला. आई असं नुसतं.

मी म्हटलं, आई थांब, तो आवाज तिचा नाही, आई, नीट ऐक— ती म्हणाली, मला शिकवतेस? माझं लेकरू आहे ते. आणि उतरली. मी हात धरला होता. तिनं सोडवला. रागानं नाही. पदर सोडवावा तसा.

खाली बोलतायत. दोघी. आई रडतेय, हसतेय. काय बोलतायत कळत नाही. एकदा माझं नाव.

आता वर येतायत. आई पुढे. एका हातानं शिडी, एक हात मागे, हातात हात. तो हात निळ्या बाहीतला. बाही इस्त्री केलेली—

आईचा चेहरा उजेडात आलाय. किती दिवसांनी हसतेय. मागचा चेहरा अजून अंधारात.

आई म्हणते, छोटे, धर तिला, माझा हात सुटतोय—

पळावंसं वाटतंय. पाय तयार आहेत. नाही. एकदा पळाले.

कागद ठेवते. दोन्ही हात लागतील. ताई, मी धरतेय गं, वर बघ, वर माझ्याकडे—