निरोपाची शाल

९ जून
आज एकदम आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सकाळी ऑफिसला निघायचे आणि बॉस्को समुद्रावरून परत यायचा. तारोडीच्या वळणावर गाठ पडायची. माझ्या साडीला मासळीचा वास लागू नये म्हणून तो हात पाठीमागे धरायचा. म्हणायचा, "जा मॅडम, बस चुकंल!"

आता दोघंही घरी. मी मार्चमध्ये रिटायर झाले — हार, शाल, भाषणं. त्याला कुणी निरोप दिला नाही. गुडघे गेले, बोट पुतण्याला, कार्लला दिली. संपलं! तरी दिवसभर ओट्यावर कार्लची फाटकी जाळी शिवत बसतो. मला वाटतं, त्याच्या मनावर परिणाम झालाय.

१५ जून, रविवार
ऑफिसातली विनिता आली होती. ती यायच्या आधी मी जाळं आणि बॉस्को, दोघांनाही मागच्या दारी पाठवलं. तिला सांगितलं, "ते झोपलेत." तेवढ्यात मागून खोकला! विनिता कपातल्या चहाकडे बघत राहिली. लाज वाटली. आधी त्याची, मग माझी.

१६ जून
बॉस्को रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

१८ जून
नादियाला फोन केला. "पपा हल्ली बोलतच नाहीत गं."
"ममी, पपा कधी बोलायचे? तू नीट झोपतेस का?"
मी विषय बदलला. आपलीच मुलगी, पण उलटतपासणी घेते!
जेसल पार्कला मनाचे डॉक्टर आहेत. शनिवारची वेळ घेतली. बॉस्कोसाठी.

२१ जून
लिहवत नाही.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, काय त्रास होतो? तो म्हणाला, "मला काय न्हाय झालं. हिला बघा. रोज साडी नेसून, डबा भरून स्टॉपवर जाते. बस आली की सोडून देते. मंग चर्चच्या मागं बसून डबा खाते. सगल्या गावाला ठावं हाय. मीच सांगितलंय — कोन काय इचारू नका."

हे मी या वहीतसुद्धा कधी लिहिलं नव्हतं!

मांडीवरची पर्स घट्ट धरून बसले होते. शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं तशी, ताठ. मग रडले.

गोळ्या माझ्या नावावर लिहून दिल्या.

२२ जून
उद्यापासून स्टॉपवर जायचं नाही. ऑफिसच्या साड्या विनिताला. पर्स नादियाला. डबा कार्लला, पावसाळा संपून बोट पुन्हा सुरू झाली की न्यायला.
निरोपाची शाल बॉस्कोला — पुढच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, मीच घालणार.
त्याची जाळं शिवायची जुनी सुई मला.