जेवणाच्या टेबलावरचं हवाई दल

तीर्थरूप मामांना, कागदी हवाई दलाच्या पराभूत सरसेनापतीचा साष्टांग नमस्कार.

मामींचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, फक्त दोन लढाऊ विमानं पाण्याच्या पेल्यात पडून वारली. भाच्याचं डोकं फिरलं असं तुम्ही म्हणाल. हिचं (म्हणजे तुमच्या भाचेसुनेचं) मतही तेच असल्यामुळे मला त्यात नवीन काही नाही.

सासरे आमच्याकडे राहायला आल्याला वर्ष होत आलं. सासूबाई गेल्यावर त्यांचं बोलणंच आटलं. आले त्या दिवशी दमलेले दिसले म्हणून हिने ताट खोलीत नेऊन दिलं, आणि पुढे तोच शिरस्ता झाला. अशात ऑफिसातल्या एकाने मला हा खेळ दिला. छापील कागद कापायचा, घड्या घालायच्या, चिकटवायचं, की बोटाएवढं विमान तयार. मग चौकटी आखलेल्या तक्त्यावर फासे टाकून समोरच्याची विमानं पाडायची. घरात टेबल एकच, जेवणाचं. सासऱ्यांना आग्रह करकरून तिथे बसवलं. ते जन्मभर दुकानदारांची वजनमापं तपासत आले, त्यामुळे पंख पट्टीने मोजले आणि खळ स्वतः शिजवली (मी आणलेला गोंद नुसता हुंगून बाजूला ठेवला).

आता माझा पराक्रम. ठिपक्यांच्या रेघेवर घडी आत, अखंड रेघेवर बाहेर, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. मी ते बरोब्बर उलटं लक्षात ठेवलं. झालं, माझ्या अख्ख्या दलाची बोधचिन्हं विमानांच्या पोटात गेली आणि बाहेर आला कोरा पांढरा कागद. ही बर्फातल्या लढाईची खास रंगसंगती आहे, असं मी ठणकावून सांगितलं. सासऱ्यांनी नियमांचा कागद उघडला (तो मी वाचला नव्हता). ज्या विमानावर चिन्ह दिसत नाही त्यावर दोन्ही बाजूंनी गोळीबार करायचा, असं त्यात होतं. म्हणजे मामा, माझ्याच विमानांवर मलाच फासे टाकावे लागले. आणि शत्रूवर टाकताना एकदाही न आलेला सहा तेव्हा धडाधड पडू लागला.

सासरे म्हणाले, “जावईबापू, तुम्हाला शत्रूची गरजच नाही.” आणि हसले. खरंच हसले हो. ही दारात उभी होती, ती तशीच आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मलाही भरून आलं, पण मी युद्धात होतो.

तेव्हापासून मी घड्या चुकतोच आहे. (आता त्या मला बरोबर येतात, पण हे घरात कुणाला माहीत नाही.) ते रोज चष्मा पुसून नव्याने शिकवतात. लढाई अर्धी टाकून उठायचं नाही म्हणून जेवतातही तिथेच, आमच्याबरोबर, तक्त्याच्या कडेला ताट ठेवून.

पण परवा त्यांचं बॉम्बफेकी विमान हिच्या ताटात उतरलं. रविवारपर्यंत टेबल रिकामं झालं नाही तर दोन्ही सैन्यं केरात, असं हिने बजावलं आहे. ती बोलते तसं करते. लढाई बंद पडली तर सासरे पुन्हा गप्प होतील, या धास्तीने माझी झोप उडाली आहे.

तुमचा,
भाचा

ता. क. : तुमच्या बाइंडिंगच्या दुकानात मागे ते जुनं टेबल धूळ खात पडलंय ना? तेवढं रविवारच्या आत पाठवा. सासऱ्यांच्या खोलीत अगदी बरोबर मावेल. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

ता. क. : पाकीट चिकटवायला सासऱ्यांकडे देतोय. माझा गोंद या घरात चालत नाही.

ता. क. : अक्षर बदललं, कारण मी सासरा. चिकटवण्याआधी तपासून बघायची जुनी खोड, क्षमा असावी. टेबल कृपया पाठवू नये. ते माझ्या खोलीत आलं की लढाई तिथे, आणि मग ताटही तिथेच. मला बाहेर सगळ्यांत बसून जेवायला आवडतं, ते पहिल्याच दिवशी सांगायचं राहून गेलं. मुलीशी मी बोलतो. जेवणापुरता तक्ता उचलून ठेवीन. जावई घड्या मुद्दाम चुकवतात हे मला ठाऊक आहे. त्यांना कळवू नये, नाहीतर बरोबर घालू लागतील.